अधांतरी हात आणि क्रोकेचे चेंडू: व्हिक्टोरियन काळात रसायनशास्त्र कसं शिकवत?

व्हिक्टोरिया राणीच्या काळात, म्हणजे १८३७ ते १९०१ या वर्षांत, इंग्लंडमध्ये रसायनशास्त्र कसं शिकवत, आणि त्या काळच्या पुस्तकांतल्या आकृत्यांमध्ये मनगटापाशी संपणारे अधांतरी हात का दिसतात, असा प्रश्न आहे. मी नोकरीची सगळी वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवण्यात घालवली. पोरांच्या जर्नलमधल्या आकृत्या तपासता तपासता या आकृत्या मुळात आल्या कुठून याचा नाद लागला, आणि मग रद्दीवाल्यांकडून जुनी पाठ्यपुस्तकं जमवणं सुरू झालं. उत्तर लांबणार आहे, हे आधीच सांगतो.

आधी मुद्दा. त्या काळाच्या पूर्वार्धात बहुतेक लोकांनी रसायनशास्त्र केलं नाही, पाहिलं. करणारा एक, टेबलामागे, पाहणारे शेकडो. ज्यांना पाहायलाही जमत नसे त्यांच्यासाठी पुस्तकातलं चित्र. त्यामुळे काय शिकवायचं हे बऱ्याच अंशी काय दाखवता येतं आणि काय छापता येतं यावर ठरलं.

सुरुवात राणीच्या थोडी आधीपासून करावी लागते. जेन मार्सेट या लंडनच्या बाईंनी १८०६ साली संवादरूपात रसायनशास्त्राचं पुस्तक काढलं. त्यावर स्वतःचं नावही घातलं नव्हतं. त्यात एक शिक्षिका आणि एमिली व कॅरोलाइन या दोन मुली. मुली शंका काढतात, मध्येच चुकतात, बाई प्रयोग करून दाखवतात. आकृत्या मार्सेटबाईंनी स्वतः काढलेल्या. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणाऱ्या मायकेल फॅरडेनं हे पुस्तक तिथेच वाचलं आणि रसायनशास्त्राकडे वळला, हे त्यानंच पुढे सांगितलं आहे. १८५३ पर्यंत त्याच्या सुधारित आवृत्त्या निघत राहिल्या. मराठीलाही त्याचा धागा जोडलेला आहे. मुंबईच्या हरि केशवजींनी मार्सेटबाईंचे संवाद मराठीत आणले. त्यांचं ‘रसायनशास्त्रविषयक संवाद’ १८३७ सालचं, म्हणजे व्हिक्टोरिया गादीवर बसली त्याच वर्षीचं.

संवादाची ही तऱ्हा मला आजही आवडते, कारण वाचकाच्या वतीनं बावळट प्रश्न विचारायला पुस्तकात कोणीतरी हजर असतं. व्हिक्टोरियन काळात मात्र तिची जागा हळूहळू प्रश्नोत्तरीनं घेतली. जेम्स जॉन्स्टन यांची शेतीच्या रसायनशास्त्रावरची प्रश्नोत्तरी १८४४ साली आली, आणि बहुतेक युरोपीय भाषांत तिचे अनुवाद झाले. वर प्रश्न, खाली ठाम उत्तर. विद्यार्थ्याला चुकण्याची सोयच नाही. पाठांतराला उत्तम, विचाराला मारक. आपल्याकडच्या गाइडांचं कूळ शोधायचं तर मी तिथे बोट ठेवीन.

आता व्याख्यानं. लंडनच्या आल्बेमार्ल स्ट्रीटवर १७९९ साली रॉयल इन्स्टिट्यूशन स्थापन झाली. तिथलं सभागृह अर्धवर्तुळाकार आणि तीव्र चढाचं, त्यामुळे शेवटच्या रांगेतला माणूसही टेबलावरच्या काचेच्या भांड्यात वरून पाहू शकतो. वर्गात बाकं सपाट जमिनीवर मांडून मग ‘मागच्यांना दिसतंय का?’ असं विचारत बसणाऱ्या आपण मास्तर लोकांनी ही रचना एकदा तरी नीट पाहावी. मुलांसाठीची नाताळातली व्याख्यानं तिथे १८२५ साली सुरू झाली. १८२७ ते १८६० या काळात त्यांतल्या १९ व्याख्यानमाला एकट्या फॅरडेनं दिल्या. २७ डिसेंबर १८५५ च्या व्याख्यानाला राणीचा नवरा प्रिन्स आल्बर्ट आणि युवराज पहिल्या रांगेत बसले होते. अलेक्झांडर ब्लेकली या चित्रकारानं तो प्रसंग रंगवला आहे.

फॅरडेला हे जन्मजात येत होतं असं समजू नका. बोलण्याचं शिक्षण त्यानं पैसे देऊन घेतलं होतं. व्याख्यानाच्या वेळी ‘हळू’ असं लिहिलेला पुठ्ठा तो समोर ठेववत असे. प्रयोगाची तयारी सार्जंट अँडरसन नावाचा निवृत्त सैनिक करी. प्रयोगशाळेतला मदतनीस कसा असावा याचा तो नमुनाच. आमच्याकडेही चांगला लॅब असिस्टंट मिळाला की निम्मं व्याख्यान झाल्यात जमा असतं.

त्याच्या व्याख्यानांतली सगळ्यात गाजलेली मेणबत्तीवरची. ती त्यानं १८४८ साली दिली आणि पुन्हा १८६०-६१ च्या नाताळात. दुसऱ्या वेळची विल्यम क्रुक्सनं टिपून घेऊन १८६१ साली पुस्तकरूपात छापली. या मालेची मांडणी मी अनेकदा वर्गात वापरली आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

फॅरडे व्याख्येपासून सुरुवात करत नाही. मेणबत्त्या कशा बनवतात ते आधी: वात बुडवून, साच्यात ओतून. मग विणलेल्या वातीची गंमत. जळताना ती बाजूला वळते, तिचं टोक ज्योतीच्या कडेला येतं, तिथे हवा भरपूर असल्यानं ते जळून जातं, आणि काजळी कापण्याचं काम वाचतं. नंतर प्रश्न येतो: ज्योतीत जळतं काय? काचेची बारीक वाकडी नळी ज्योतीच्या मधल्या काळपट भागात धरली की तिच्यातून मेणाची वाफ बाहेर येते आणि दुसऱ्या टोकाला काडी लावली की तिथे वेगळी ज्योत पेटते. कागद ज्योतीवर आडवा दाबून चटकन उचलला की त्यावर करपल्याचं कडं उमटतं, मधला भाग कोराच. म्हणजे उष्णता बाहेरच्या थरात आहे. मग बर्फ आणि मीठ भरलेलं भांडं ज्योतीवर धरायचं. बुडाला पाण्याचे थेंब जमतात. ते पाणीच कशावरून? पोटॅशियमचा तुकडा टाकला की तो पेट घेतो. मग ज्योतीतून निघणाऱ्या वायूनं चुन्याची निवळी दुधाळ होते, आणि शेवटी आपल्या श्वासानंही ती तशीच दुधाळ होते. एका मेणबत्तीपासून निघून मुलं छातीतल्या श्वासापर्यंत पोचतात, आणि वाटेत त्यांना एकही सूत्र पाठ करावं लागत नाही.

करून पाहणाऱ्यांसाठी सूचना: नळी आखूड घ्या आणि आधी जरा गरम करा. लांब, थंड नळीत मेण आतच गोठून पांढरं होतं आणि दुसऱ्या टोकाला काही येत नाही. पोटॅशियमच्या वाटेला मात्र घरी जाऊ नका.

हे झालं प्रतिष्ठितांचं सभागृह. शिलिंगभर तिकिटाचं लंडन रीजंट स्ट्रीटवरच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जाई. ते १८३८ साली उघडलं. तिथला जॉन हेन्री पेपर हा रसायनशास्त्राचा व्याख्याता, पण लोकांना ठाऊक आहे तो १८६२ च्या नाताळच्या आदल्या दिवशी त्यानं रंगमंचावर आणलेल्या भुतामुळे. तिरकी ठेवलेली मोठी काच, खाली लपलेला नट आणि त्याच्यावर झगझगीत उजेड, एवढंच त्या भुताचं भांडवल. हा उजेड चुन्याच्या गोळीवर ऑक्सिजन-हायड्रोजनची ज्योत सोडून मिळवत. त्याच उजेडावर जादूचे कंदील, म्हणजे काचेवरची चित्रं पडद्यावर पाडणारी यंत्रं, चालत, आणि काचेच्या छोट्या चपट्या टाकीत चाललेली रासायनिक क्रिया पडद्यावर मोठी करून दाखवत. पडद्यावर ती उलटी दिसे, साका (द्रावणात तयार होऊन तळाशी बसणारा घन पदार्थ) खालून वर चढतोय असा. पेपरसारख्यांना उथळ म्हणून नाक मुरडणारे तेव्हाही होते. मला ते पटत नाही. एका गिरणी कामगाराला प्राणवायूचं अस्तित्व पटलं, ते डोळे दिपल्यामुळे पटलं की आकडेमोडीमुळे, यानं फारसा फरक पडत नाही.

आता चित्रांकडे. इथे खरी किल्ली छापखान्यात आहे.

अठराव्या शतकात शास्त्रीय आकृत्या तांब्याच्या पत्र्यावर कोरत. त्या पत्र्यात शाई खोलगट रेषांत बसते, आणि मजकुराचे शिशाचे खिळे मात्र उठावदार असतात. दोन्ही एका दाबात छापता येत नाहीत. म्हणून आकृत्या वेगळ्या कागदावर, वेगळ्या यंत्रावर छापून पुस्तकाच्या शेवटी बांधत. वाचणाऱ्यानं मजकूर वाचायचा, मग शेवटचं घडीचं पान उलगडून ‘आकृती ७’ शोधायची. लाकडी ठोकळ्यानं हे बदललं. बॉक्सवूड नावाच्या घट्ट लाकडाचा आडवा छेद घ्यायचा, त्यावर बारीक पोलादी हत्यारानं कोरायचं. जे कोरलं ते पांढरं, जे राहिलं ते काळं. ठोकळ्याची उंची खिळ्यांएवढी ठेवली की तो मजकुराच्या चौकटीतच बसतो आणि दोन्ही एकदम छापून निघतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे तंत्र सर्वत्र पसरलं. जॉर्ज फाउन्स यांचं १८४४ सालचं रसायनशास्त्राचं पाठ्यपुस्तक उघडा: वायू गोळा करण्याची कृती आणि त्याची आकृती एकाच पानावर, शेजारी शेजारी. शिकवण्याच्या दृष्टीनं ही क्रांतीच. शिक्षक नसलेल्या माणसाला पहिल्यांदाच ‘हे असं धर’ असं सांगणारं पुस्तक मिळालं.

अधांतरी हात इथे येतात. परीक्षानळी अंगठ्यानं बंद करून पाण्यात उलटी कशी करायची, कुपीचं बूच करंगळीत धरून ओतायचं कसं, हे शब्दांत सांगायला अर्धं पान लागतं. हात काढला की संपलं. पण पूर्ण माणूस काढला तर कोरणाऱ्याचा वेळ चेहऱ्यात आणि कोटाच्या चुण्यांत जातो, ठोकळा मोठा होतो आणि वाचणाऱ्याचं लक्षही तिकडे जातं. म्हणून मनगट, फार तर कडक इस्त्रीची बाही, आणि पुढे काही नाही. बाहीकडे मात्र नीट पाहा. ती नेहमी सभ्य गृहस्थाची असते. काच घासणाऱ्या नोकराचा किंवा मार्सेटबाईंसारख्या बाईचा हात मी जमवलेल्या पुस्तकांत तरी क्वचितच दिसतो.

लाकडी ठोकळे झिजत, म्हणून त्यांची तांब्याची प्रतिकृती काढत. साच्यावर विजेच्या साहाय्यानं तांब्याचा थर चढवायचा, हे तंत्र १८४० च्या आसपास आलं. म्हणजे रसायनशास्त्राची पुस्तकं छापायला रसायनशास्त्रच राबलं. या प्रतिकृती विकल्या जात. त्यामुळे तेच बकपात्र (लांब वाकड्या नळीचं काचेचं भांडं), तीच ज्योत, तोच हात वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या लेखकांच्या पुस्तकांत भेटत राहतो. उपकरणं विकणारेही तीच चित्रं वापरत. जॉन जोसेफ ग्रिफिन हे यातलं मोठं नाव: हौशी लोकांसाठी प्रयोगांचं पुस्तक लिहिलं, उपकरणांचं दुकान चालवलं, आणि १८६६ सालचा त्यांचा कॅटलॉग एवढा सविस्तर आहे की त्यावरून शिकता यावं. आपण रोज वापरतो त्या ठेंगण्या, चोच असलेल्या बीकरला आजही ग्रिफिनचं नाव आहे. पुस्तक वाचा, चित्र पाहा, तीच वस्तू विकत घ्या, असं ते चक्र.

या चित्रांत एक लबाडीही आहे. त्यांत बुचाची गळती नसते, ज्योत कधी हलत नाही, आणि भांडं धरून ठेवणारा स्टँड बऱ्याचदा गायबच असतो. पहिल्यांदा प्रयोग करणारा मुलगा चित्र बघून उपकरण जोडतो आणि ते कोसळतं. ही तक्रार मी निवृत्त होईपर्यंत ऐकत होतो.

रंग ही ठोकळ्याची दुखरी बाजू. रसायनशास्त्र निम्मं रंगांवर चालतं, आणि छपाई काळी. म्हणून त्या पुस्तकांत रंग शब्दांत भरलेले दिसतात: विटेसारखा लाल, लिंबासारखा पिवळा, दह्यासारखा पांढरा साका. परीक्षेत आपण अजून तेच लिहितो. रंगीत पान फार महाग, ते एखाद्याच ठिकाणी परवडे. अमेरिकेत एडवर्ड यूमन्स यांनी १८५४ साली रंगीत तक्त्यांचा रसायनशास्त्राचा नकाशासंग्रह काढला, त्यात मूलद्रव्यं रंगीत चौकोनांनी दाखवली होती आणि चौकोनाचा आकार अणुभाराच्या प्रमाणात होता. स्वतः यूमन्स यांची दृष्टी तरुणपणापासून अधू होती. बहीण त्यांना पुस्तकं वाचून दाखवी. इंग्लंडात हेन्री रॉस्को यांच्या १८६६ सालच्या पाठ्यपुस्तकात वर्णपटांचं, म्हणजे प्रकाश फोडून मिळणाऱ्या रंगांच्या पट्ट्यांचं, रंगीत पान आहे, आणि ते तिथे असायलाच हवं होतं. बुन्सेन आणि किर्खहोफ यांनी १८६० च्या आसपास ज्योतीच्या वर्णपटावरून सीझियम आणि रुबिडियम शोधली होती. ती बातमी काळ्या शाईत सांगणं म्हणजे इंद्रधनुष्याचं वर्णन तारेनं पाठवण्यासारखं झालं असतं.

आता प्रयोगशाळा. विद्यार्थ्यानं स्वतः हात घालायचा ही पद्धत इंग्लंडात जर्मनीहून आली. गीसेन या लहान गावात युस्टुस लीबिग १८२४ पासून शिकवत होते. १८३१ साली त्यांनी पाच फुग्यांचं काचेचं छोटं उपकरण बनवलं. त्यात पोटॅशचं द्रावण भरलेलं असे, आणि जळलेल्या पदार्थातला कार्बन त्यात शोषला जाऊन वजनावरून मोजता येई. जे काम आधी निष्णातांनाच जमे ते शिकाऊ मुलांच्या आवाक्यात आलं. म्हणून मुलांच्या तुकड्याच्या तुकड्या एकाच वेळी संशोधनाला लावता आल्या. ट्राउटशोल्ड या चित्रकारानं त्या प्रयोगशाळेचं चित्र काढलं, ते १८४२ साली छापलं गेलं: टोप्या घातलेले तरुण, हातात नळ्या, भिंतीला बाटल्या. प्रयोगशाळा कशी दिसावी हे युरोपातल्या अनेकांना त्या चित्रानंच सांगितलं असावं.

लंडनमध्ये १८४५ साली रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्री निघालं आणि प्रिन्स आल्बर्टच्या पुढाकारानं लीबिगचाच शिष्य ऑगुस्ट विल्हेल्म हॉफमान तिथे आला, वय २७. त्याच्या हाताखाली विल्यम पर्किन वयाच्या १५ व्या वर्षी दाखल झाला. पर्किनची शाळा सिटी ऑफ लंडन स्कूल. तिथे रसायनशास्त्राला वेळापत्रकात जागाच नव्हती, टॉमस हॉल नावाचे शिक्षक ते जेवणाच्या सुट्टीत शिकवत, आणि हा पोरगा त्यासाठी जेवण सोडी. १८५६ च्या ईस्टरच्या सुट्टीत घरच्या प्रयोगशाळेत क्विनीन बनवण्याच्या नादात त्याला जांभळा रंग मिळाला आणि कृत्रिम रंगांचा उद्योग उभा राहिला. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हॉफमानचाच विद्यार्थी चार्ल्स मॅन्सफील्ड डांबरातून बेंझीन वेगळं काढत असताना १८५५ साली भाजून मेला. चित्रांतल्या शांत ज्योतींकडे पाहताना मला तो नेहमी आठवतो.

प्रयोगशाळेत मुलं करत काय? मुख्यतः गुणात्मक पृथक्करण, म्हणजे दिलेल्या क्षारात कोणते घटक आहेत ते ओळखणं, आपलं सॉल्ट ॲनालिसिस. जर्मनीतल्या फ्रेझेनियसचं त्यावरचं पुस्तक १८४१ साली निघालं आणि लगेच इंग्रजीत आलं. आधी हायड्रोक्लोरिक आम्ल घाला, साका आला तर पहिला गट, मग हायड्रोजन सल्फाइड सोडा, दुसरा गट, आणि पुढे. १८४४ साली डेल्फ्टच्या किपनं हायड्रोजन सल्फाइड हवं तेव्हा सोडता येईल असं उपकरण बनवलं. आमच्या कॉलेजच्या मागच्या व्हरांड्यात सडक्या अंड्यांचा जो वास भरलेला असे तो तिथून आलेला. मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज उघडलं. आपल्याकडे रसायनशास्त्र बराच काळ वैद्यकाच्या आधारानं शिकवलं गेलं, तेव्हा औषधात भेसळ काय आहे हे ओळखायला हीच पद्धत कामाची होती. १८५७ च्या मुंबई विद्यापीठाच्या चौकटीतून ती कॉलेजांत स्थिरावली आणि बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला अगदी अलीकडेपर्यंत ठाण मांडून बसली.

आता प्रश्नाबाहेरचा पण मला सर्वात रंजक वाटणारा भाग: जे दिसतच नाही त्याचं चित्र. मेणबत्ती दाखवता येते, अणू कसा दाखवायचा?

त्यात एक अडचण आधीपासून होती. अणुभारांवर एकमत नव्हतं. बरेच जण ऑक्सिजनचा भार आजच्या १६ ऐवजी ८ धरत, म्हणून पाणी त्यांच्या पुस्तकात ‘एचओ’. सप्टेंबर १८६० मध्ये कार्ल्सरूहे इथे रसायनशास्त्रज्ञ जमले, इटलीच्या कानिझ्झारोनं अणुभार कसे ठरवायचे ते स्पष्ट केलं, आणि पुढच्या काही वर्षांत ‘एचटूओ’ रूढ झालं. विद्यार्थ्यांना हे पटवण्याचं काम हॉफमाननं उत्तम केलं. १८६५ साली छापलेल्या त्याच्या व्याख्यानांत सगळं आकारमानांवर उभं आहे: दोन घनफळं हायड्रोजन, एक घनफळ ऑक्सिजन, दोन घनफळं वाफ, आणि कागदावर तेवढेच चौकोनी खोके. शाळेत पाण्याचं विद्युत अपघटन दाखवायला आपण जी दोन उभ्या नळ्यांची काच वापरतो, एकीत दुप्पट वायू भरणारी, ती हॉफमानचीच.

७ एप्रिल १८६५ च्या शुक्रवारी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यानं आणखी एक गोष्ट केली. त्या वेळी इंग्लंडात क्रोकेचं, म्हणजे हिरवळीवर लाकडी हातोड्यानं चेंडू कमानींतून मारण्याच्या खेळाचं, वेड होतं. हॉफमाननं क्रोकेचे लाकडी चेंडू रंगवले, त्यांना भोकं पाडून धातूच्या नळ्या बसवल्या, आणि रेणू श्रोत्यांसमोर जोडून दाखवले. कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा, क्लोरीन हिरवा. आज तुमच्या मुलांच्या प्लास्टिकच्या किटमध्ये आणि संगणकाच्या पडद्यावर हेच रंग आहेत. कार्बनला चार भोकं, पण ती एकाच पातळीत. मिथेन पालीसारखा सपाट पडे. रेणूला तिसरी मिती आहे हे व्हान्ट हॉफ या डच रसायनशास्त्रज्ञानं १८७४ साली ठामपणे मांडलं.

कागदावरची सोय एडिंबराच्या अलेक्झांडर क्रम ब्राउननं केली. १८६४ साली त्यानं अणूंची अक्षरं वर्तुळांत लिहून ती रेषांनी जोडली. लगेच बजावलंही: या जागा रासायनिक आहेत, प्रत्यक्षातल्या नाहीत. एडवर्ड फ्रँकलंडनं १८६६ च्या आपल्या व्याख्यानटिपणांत ही पद्धत उचलली आणि ती इंग्लंडभर गेली. विद्यार्थ्यांनी अर्थातच ती ताकीद विसरून चित्रालाच अणू मानलं. ऑक्सफर्डच्या बेंजामिन ब्रॉडींना तर हे चेंडू आणि काड्या म्हणजे निव्वळ सुतारकाम वाटे. त्यांनी अणू न मानता बीजगणितासारखं रसायनशास्त्र उभारण्याचा खटाटोप केला. तात्त्विक आक्षेप म्हणून ब्रॉडी चुकीचे नव्हते, तेव्हा अणू कुणीच पाहिला नव्हता. पण त्यांच्या चिन्हांनी वर्गात कोणाला काही शिकवता आलं नाही, आणि सुतारकामानं पुढची दीडशे वर्षं शिकवलं. १८८२ साली एडिंबराला गेलेला एक बंगाली तरुण याच क्रम ब्राउनच्या हाताखाली तयार झाला आणि १८८७ साली डी.एस्सी. झाला: प्रफुल्लचंद्र राय.

शाळांची स्थिती मात्र शेवटपर्यंत केविलवाणीच. सरकारनं नेमलेल्या डेव्हनशर आयोगानं १८७५ साली १२८ शाळांची माहिती दिली. विज्ञान शिकवणाऱ्या ६३, आणि प्रयोगशाळा असलेल्या फक्त १३. दुसरीकडे विज्ञान आणि कला खातं १८५९ पासून पास झालेल्या विद्यार्थ्यांमागे शिक्षकाला पैसे देत होतं. कारागिरांच्या रात्रवर्गांना याचा फायदा झाला, पण शिकवणं परीक्षेच्या दावणीला बांधलं गेलं. परीक्षेत उपकरणाची आकृती काढायला सांगत. छायाप्रकाश घातलेलं बकपात्र परीक्षेच्या पाच मिनिटांत कोण काढणार? माझ्या मते म्हणूनच मधून कापल्यासारखी, नुसत्या रेषांची सपाट आकृती पुढे आली, तीच जी आपली पोरं जर्नलमध्ये पट्टीनं काढतात.

हेन्री आर्मस्ट्राँग याविरुद्ध १८८४ पासून भांडत राहिला. त्याचं म्हणणं: मुलाला उत्तर सांगू नका, लोखंड का गंजतं, खडू तापवल्यावर काय होतं, हे त्याला स्वतः वजन करून शोधू द्या. कल्पना सुंदर, वेळ, तराजू आणि धीर मात्र फार मागते. आपल्याकडे पाहुण्या परीक्षकाला तो धीर कधीच नव्हता. मुलींना तर याहून कमी मिळालं. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात इडा फ्रॉइंड मुलींच्या वेगळ्या प्रयोगशाळेत शिकवत होत्या, पण केमिकल सोसायटीनं स्त्रियांना सभासदत्व दिलं ते १९२० साली. ज्या विषयाचं एवढं वाचलं गेलेलं पुस्तक एका बाईनं लिहिलं, त्याची ही कथा.

तुमच्या हाती एखादं जुनं पुस्तक लागलं आणि पहिलं पान फाटलेलं असेल, तर साल असं काढा. पाणी ‘एचओ’ असेल तर १८६० च्या दशकाच्या मध्याआधीचं. अक्षरांना आडवी रेघ मारलेली दिसली तर नवे अणुभार रुळत होते त्या संक्रमणाच्या वर्षांतलं. कोळशाच्या शेगड्या आणि स्पिरिटचे दिवे असतील, गॅसचा बर्नर नसेल, तर बहुधा १८५५ च्या आधीचं. वायू साठवायला जनावराचं मूत्राशय दाखवलं असेल तर आणखी जुनं. वर्णपटाचं पान असेल तर १८६० नंतरचं, वर्तुळातली अक्षरं असतील तर १८६४ नंतरचं, आरगॉन असेल तर १८९४ नंतरचं. जाळीचे ठिपके असलेला फोटो दिसला तर शतकाची शेवटची दोन दशकं. नुसत्या ठोकळ्याच्या चित्रावरून मात्र काही ठरवू नका. मजकूर नवा करायचे आणि जुने ठोकळे तसेच वापरायचे, असं छापखान्यांनी सर्रास केलं आहे.